केणेकाकांची जांभळं

दिनांक: डिसेंबरचा पहिला रविवार. वेळ: सकाळी साडेसात.
स्थळ: आमच्या सोसायटीचं पार्किंग, खरवई, बदलापूर.
उपस्थित: केणेकाका (बी विंग, पहिला मजला). तलरेजाशेठ (ए विंग, उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायचा कारखाना). यादवजी, वॉचमन (ड्युटीवर असल्यामुळे). मी, सेक्रेटरी.
अनुपस्थित: बाकी सगळी सोसायटी.
विषय: जपानमधल्या अठरा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल लीगमधला शेवटचा सामना.

हा विषय सोसायटीच्या अखत्यारीत येत नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटत होतं. पण नोटीस बोर्डावर तसा कागद लागला होता आणि तो मीच लावला होता. हे कसं झालं ते सांगायचं तर बादलीपासून सुरुवात करावी लागेल.

पार्किंगमध्ये, आमच्या बी विंगच्या जिन्याखाली आग विझवायच्या वाळूची एक लाल बादली आहे. दर रविवारी सव्वानऊच्या सुमारास केणेकाका त्या बादलीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठत, शर्ट नीट खोचत आणि पार कमरेतून वाकून बादलीला नमस्कार करत. घाईघाईचा नाही. वाकून राहत, मनातल्या मनात काहीतरी म्हणत, मग सरळ होत आणि खुर्ची उचलून घरी जात.

एप्रिलमध्ये ए विंगला नवे भाडेकरू आले. त्यांनी हे पाहिलं. पुढच्या रविवारी बादलीवर जास्वंद होती. मे महिन्यात हळदकुंकू आलं. जूनपर्यंत वाळूत उदबत्त्या खोचलेल्या. यादवजींनी एका कुरिअरवाल्याला तिथून जाताना चपला काढायला लावल्या. आगीच्या तपासणीला आलेला माणूस बादलीकडे बराच वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, ‘‘मॅडम, ही आग विझवायला आहे की लावायला?’’

खरी गोष्ट एवढीच होती की काकांचा मोबाईल त्या बादलीला टेकवलेला असायचा. मोबाईलवर जपानी पोरांची मॅच. मॅच संपली की तिकडची मुलं एका रांगेत उभी राहून बघणाऱ्यांना वाकून नमस्कार करतात. हरली तरी करतात. काका उलट नमस्कार करायचे.

‘‘एवढीशी पोरा वाकतात,’’ ते मला म्हणाले, ‘‘न आपण बसून ऱ्हायचा? वलण नाय का आपल्याला?’’

मी बादलीचा विषय कामांच्या यादीत घातला. बादली जागेवर टांगणे, वाळू बदलणे, देव हटवणे. तो दर महिन्याच्या यादीत पुढे जात राहिला. देव हटवायला कोणी तयार होईना.

केणे मूळचे इथलेच. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या भावकीची भातशेती. पार्किंगच्या जागी त्यांचं खळं होतं, असं काका सांगतात. तिथे क्लबहाऊस होणार आहे, असं बिल्डर सांगायचा. दोघांपैकी खळं तरी खरोखर होतं. काकांनी उमेदीची सगळी वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटरचं काम केलं, आणि कंपनीच्या फुटबॉल टीममध्ये लेफ्ट बॅक होते. कंपनी बंद पडली त्या वर्षी टीम दुसऱ्या नंबरावर होती, हे ते अजून अभिमानाने सांगतात. कंपनीचं पुढे काय झालं ते सांगत नाहीत.

काकी गेल्यावर त्यांनी टीव्हीची केबल काढून टाकली. मुलगी पनवेलला दिलेली. ती ये-ये म्हणते, हे जात नाहीत. कधीतरी त्यांनी मोबाईलला तोंडी हुकूम सोडला, ‘‘फुटबॉल. पोरांचा. सकालचा.’’ रात्रीच्या युरोपातल्या मॅच त्यांना जमत नाहीत, कारण ते नवाला झोपतात. मोबाईलनं बिचाऱ्यानं आज्ञा पाळली आणि जपान काढून दिलं. आपल्या सकाळी तिकडे दुपार व्हायला आलेली असते. दहा टीम, एप्रिल ते डिसेंबर, शेवटच्या दोन खालच्या लीगमध्ये. त्यातली गडद जांभळ्या शर्टांची एक टीम काकांनी धरली. नाव वाचता येत नव्हतं. बदलापूर म्हणजे जांभळांचं गाव; तिथला माणूस दुसरं काय नाव ठेवणार? जांभळं.

‘‘जांभलां हरली,’’ असं ते लिफ्टमध्ये सांगायचे. लिफ्टमधले लोक बाजारभाव समजून मान हलवायचे.

खेळाडूंची नावंही त्यांचीच. गोलकीपरचं नाव वॉचमन. (‘‘उभा ऱ्हातो, पन झोपतो.’’ यादवजी या नावावरून एक महिना काकांशी बोलले नाहीत.) चार नंबर तहसीलदार, कारण त्याच्याकडे आलेलं काहीही पुढे सरकत नाही. सात नंबर टँकर. येतो, पण गरज संपल्यावर. आणि दहा नंबर जावई. सगळे आपले त्याला मानानं बॉल देतात आणि तो काही करत नाही.

सप्टेंबरमध्ये जांभळं एकदा जिंकली. काका पेढे घेऊन प्रत्येक दारात गेले. साठेकाकूंनी विचारलं, ‘‘काय हो, नातू झाला की काय?’’ काका म्हणाले, ‘‘नाय वो, जावयानी शेवटच्या मिनिटाला डोक्यानी मारला.’’ ती बातमी फिरत फिरत पनवेलला पोचली. खऱ्या जावईबापूंचा फोन आला, की मी कोणाला मारलं?

ही टीम वाईट होती. मी फुटबॉल समजत नाही, पण हिशेब समजतो. ऑगस्टपर्यंत त्यांनी जेवढे गोल खाल्ले होते तेवढे आमच्या सोसायटीने पाण्याचे टँकरही घेतले नव्हते. प्रत्येक हरण्यानंतर काका एकच वाक्य म्हणत, ‘‘सीझन लांब हाय.’’ पुढे हे वाक्य त्यांनी सगळीकडे वापरायला सुरुवात केली. लिफ्ट बंद: सीझन लांब हाय. नळाला पाणी नाही: सीझन लांब हाय. क्लबहाऊसबद्दल बिल्डरला पाठवलेल्या माझ्या नवव्या पत्राला उत्तर नाही, तेव्हा मी चिडून बसले होते. काका शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, पुढं घुसू नका. बॉल मागं द्या. सीझन लांब हाय.’’ मला त्यांना बादलीसकट बाहेर काढावंसं वाटलं.

त्यांच्या त्या मोबाईलमधून येणाऱ्या आवाजाचाही मला त्रास व्हायचा. कॅमेरा एकाच जागी रोवलेला असायचा. त्याच्यामागे कोणीतरी वयस्क गृहस्थ असावेत. दिसायचे कधीच नाहीत. खोकायचे, थर्मासचं झाकण फिरवायचे, आणि थोड्या थोड्या वेळानं, काही घडो न घडो, म्हणायचे, ‘‘हं.’’ मैदानात ओरडा फारसा नसायचा, त्यामुळे हे ‘हं’ पार्किंगभर घुमायचं. इकडे काकांची बडबड चालूच. ‘‘आज पानी नाय आला.’’ ‘‘हं.’’ ‘‘वरच्यांनी फरशी फोडायला काढलीय.’’ ‘‘हं.’’ मी व्यवहारी बाई. मी काकांना मोबाईलचा आवाज बंद करायचं बटण दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बादलीला लाथ मारली होती.

‘‘मग घरात बसून बघा ना,’’ मी म्हटलं. ‘‘घरात रेंज नाही, हे कारण मला सांगू नका. मी वायफाय बसवून देते.’’

‘‘घरात नको,’’ काका म्हणाले. ‘‘घरात बसला का घर ऐकू येतं.’’

मी वायफायचा विषय यादीतून काढून टाकला.

नोव्हेंबरच्या शेवटी ते माझ्या दारात आले. इस्त्रीची पँट, हातात खुर्ची. खुर्ची का आणली होती, देव जाणे.

‘‘मॅडम, पुढच्या रविवारी शेवटची मॅच. जांभलां नवव्या नंबरावर. जिंकली तर आठवा, वाचली. बरोबरी झाली तरी खाली.’’

‘‘खाली गेली तर खालच्या लीगमध्ये खेळतील. त्यात काय?’’

‘‘खालच्या लीगला कॅमेरा नाय.’’ त्यांनी खुर्ची खाली ठेवली. ‘‘गेल्या साली हिरवी टीम खाली गेली. मी शोधली. मोबाईलला बोलून बोलून शोधली. कुठंच नाय. मानूस मेल्यासारखी गेली.’’

मग मुद्द्यावर आले. ‘‘तुमी लोकांना बोलवा. कोरम करा. चार मानसा बगताना पोरांना जोर येतो.’’

‘‘काका, ती मुलं जपानमध्ये आहेत. त्यांना कसं कळणार आपण चार जण आहोत की चाळीस?’’

‘‘तुमी लावा तर कागद.’’

मी लावला. असा कागद मी आजवर लावला नव्हता. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ पासून सुरुवात केली आणि पुढे ‘जांभळ्या संघाच्या शेवटच्या सामन्यास उपस्थित राहावे’ असं लिहिलं. सहीही केली. काकांनी वाचून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. ‘‘आता कायद्यात बसला.’’

म्हणून त्या रविवारी आम्ही चौघं होतो. तलरेजाशेठ लुंगीवर, हातात चहाचा ग्लास घेऊन आले. ‘‘क्या केणेसाब, आज आखरी पेशी?’’ त्यांनी विचारलं. मग मला म्हणाले, ‘‘मॅडम, ये आदमी इधर आठ महिने से हारतो आहे. मी धंद्यात एवढा हारला असतो तर मुझे कॅम्प पाच में कोई खडा नहीं करतो.’’

‘‘कोरम झालेला नाही,’’ मी म्हटलं. ‘‘नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी घ्यायची असते.’’

‘‘जपानला सांगा तसा,’’ काका म्हणाले, आणि मॅच सुरू झाली.

तिकडे थंडी असावी. मैदानामागच्या डोंगराचा माथा पांढरा होता. मुलांच्या तोंडातून वाफ निघत होती. पहिल्या दहा मिनिटांतच समोरच्यांनी गोल केला. वॉचमनच्या पायांमधून बॉल गेला. यादवजींनी मान खाली घातली, जणू त्यांच्याच गेटमधून कोणी शिरलं होतं.

‘‘सीझन लांब हाय,’’ तलरेजाशेठ काकांची नक्कल करत म्हणाले.

काका हसले नाहीत. ‘‘आता नाय ऱ्हायला,’’ ते म्हणाले.

‘‘हं,’’ मोबाईल म्हणाला.

दुसऱ्या हाफमध्ये टँकर वेळेवर आला. आयुष्यात पहिल्यांदा. उजवीकडून पळत गेला, बॉल आत दिला आणि तहसीलदारानं, ज्यानं वर्षभर काही पुढे सरकवलं नव्हतं, त्यानं तो गुडघ्यानं आत ढकलला. मी उभी राहिले. कशी राहिले माहीत नाही. यादवजी ‘‘आए हाए!’’ ओरडले. तलरेजाशेठनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच ‘‘सॉरी मॅडम, सॉरी’’ म्हणाले. वरच्या गॅलरीतून साठेकाकूंनी विचारलं, ‘‘पाणी आलं का?’’

‘‘एक-एक!’’ यादवजींनी वर बघून सांगितलं.

‘‘दोन बादल्या द्या म्हणावं,’’ काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

शेवटच्या पाच मिनिटांत काकांनी खुर्ची बादलीला भिडवली. अगदी शेवटी जावयाकडे बॉल आला. समोर फक्त गोलकीपर. त्यानं मारला. इतका जोरात की कॅमेरासुद्धा हलला. आठ महिन्यांत मी तो कॅमेरा हललेला पाहिला नव्हता. बॉल खांबाला लागला. त्याचा आवाज आम्हाला पार्किंगमध्ये ऐकू आला. मग शिट्टी.

जांभळी मुलं गवतावर आडवी झाली. जावई गुडघ्यांवर, कपाळ जमिनीला टेकवून. कोणीतरी येऊन एकेकाला उठवत होतं. मग ती रांगेत आली, कॅमेऱ्याच्या बाजूला तोंड करून उभी राहिली आणि वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

काका उठले. शर्ट खोचला. वाकले. तलरेजाशेठनी ग्लास खाली ठेवला, सवयीनं चपला काढल्या आणि हात जोडले. यादवजींनी सलाम ठोकला. मी काय केलं ते लिहीत नाही. पण त्या क्षणी गेटमधून आलेल्या दूधवाल्यानं आम्हा चौघांना उदबत्त्या खोचलेल्या बादलीसमोर पाहिलं आणि सायकल स्टँडवर लावून त्यानंही नमस्कार केला.

कॅमेऱ्यामागून खोकला आला. मग ‘‘हं.’’ आणि स्क्रीन काळा झाला.

पुढच्या रविवारी साडेसातला मी खाली गेले, ती टाकीची पातळी बघायला. काका बादलीसमोर बसलेले. इस्त्रीची पँट. मोबाईल नाही.

मी कामाची बाई. मी उपाय काढून आले होते. ‘‘काका, मी बघितलं. त्याच लीगमध्ये अजून आठ टीम उरल्यात, त्यांच्या मॅच एप्रिलपासून तशाच दिसतील. लाल आहे, पिवळी आहे, एक तर पहिल्या नंबराची आहे. दुसरी टीम धरा.’’

‘‘बगितल्या मी.’’

‘‘मग?’’

‘‘त्यांचा कॅमेरावाला बोलत नाय.’’

मी हातातली टाकी मोजायची पट्टी खाली ठेवली.

काका बादलीकडे बघत सांगू लागले. जांभळं चांगली खेळतात म्हणून त्यांनी कधीच बघितली नव्हती. ती चांगली खेळत नाहीत हे खळ्यातल्या कोंबडीलाही कळलं असतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मॅच लावली, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, ‘‘आज भात करपला.’’ आणि तिकडून कोणीतरी ‘‘हं’’ म्हणालं.

‘‘आमची मंडली अशीच,’’ काका म्हणाले. ‘‘चालीस वरसा. मी रात्री सगला सांगायचा. कंपनीत काय झाला, कोन काय बोलला. तिचा हात कामात. तांदूल निवडंल, न्हायतर मच्छी साफ करंल. वर बगायची नाय. नुसता हं, हं. मी एकदा चिडून बोललो, ऐकतेस का झोपलीस? तर ती बोलली, गोष्ट सांगनाऱ्यानी सांगावी. हुंकार देनारा हाय तवर सांगावी.’’

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. कोणीही शहाण्या माणसानं तिथे काय म्हणायचं ते उघड आहे. माझ्या तोंडातून निघालं, ‘‘बरं. यावर आपण काय करू शकतो?’’

काका माझ्याकडे वळले आणि हसले. पहिल्यांदाच हसले त्या आठवड्यात. ‘‘तुमी मॅडम कागद चांगला लिहिता. त्याला एक कागद लिहा. व्हिडिओच्या खाली लिहायला जागा असते ना? तितं.’’

‘‘काय लिहू?’’

‘‘खालच्या लीगला पन कॅमेरा लाव म्हनावं. पोरा हरंनात का. इकडं एक मानूस बगतो.’’ मग दुरुस्ती केली. ‘‘बगतो नको. ऐकतो लिहा.’’

आता माझ्या यादीची स्थिती अशी. लिफ्टचा करार: झाला. टाकी धुणे: झालं. बिल्डरला दहावं पत्र: गेलं. बादली: जागेवर टांगलेली नाही, आणि मी तो विषय आता मांडत नाही, साठेकाकूंनी परवा तिला लाल कापड शिवून आणलं.

काकांचं पत्र: बाकी.

न लिहिण्याचं कारण आळस नाही. मी नगरपालिकेला, पाणीखात्याला, विजेच्या लोकांना वर्षानुवर्षं पत्रं लिहिते; मला सुरुवात कधी अडत नाही. हेही बसून लिहिलं. ‘आपणांस कळविण्यात येते की आपले चित्रीकरण आमच्याकडे नियमित पाहिले जाते.’ मोबाईलकडून जपानीत केलं आणि खात्रीसाठी परत मराठीत आणून पाहिलं, तर आलं, ‘तुमच्यावर नियमित लक्ष ठेवले जात आहे.’ ते खोडलं. ‘विनंती अर्ज’ लिहिलं, तेही खोडलं. मग ठरवलं, साधं लिहू. ‘प्रति, कॅमेऱ्यामागचे गृहस्थ’ इथपर्यंत बरं जमलं. ‘विषय’ लिहून दोन टिंबं दिली. त्या टिंबांपुढे काय लिहायचं ते मला गेले तीन आठवडे सुचत नाही. तिकडे मैदानावर आता बर्फ पडला असेल. तो माणूस खाली लिहिलेलं वाचतो की नाही, हेही माहीत नाही. बहुतेक नसेल वाचत.

काल लिफ्टजवळ काका भेटले. हातात रिकामी पिशवी, तीच इस्त्रीची पँट.

‘‘गेला का कागद?’’

‘‘आज संध्याकाळी पाठवते,’’ मी म्हटलं. ‘‘अगदी नक्की.’’

मला वाटलं, आता म्हणतील, सीझन लांब हाय. मी तयारच होते.

काकांनी लिफ्टचं दार माझ्यासाठी धरून ठेवलं.

‘‘हं,’’ ते म्हणाले.